‘हॅव’ हे इंग्रजी क्रियापद अचूक कसे वापरावे: मराठी वाक्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

‘हॅव म्हणजे जवळ असणे’ हा शाळेत पाठ केलेला अर्थ चुकीचा नाही, मात्र तो फारच अपुरा आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि पुढे नोकरीत रोज इंग्रजी लिहिणाऱ्या अनेकांच्या मजकुरात ‘हॅव’च्या त्याच त्या चुका वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्यांचे कारण बहुतेक वेळा निष्काळजीपणा नसतो. मराठी वाक्याची रचना नकळत इंग्रजीत उतरते, हे त्यांचे खरे कारण असते. म्हणून या लेखात प्रत्येक टप्पा मराठी वाक्यापासून सुरू केला आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण पुढच्या टप्प्यातील निर्णय मागच्या टप्प्यातील निर्णयावर अवलंबून आहे.

## पूर्वतयारी

एक वही घ्यावी आणि आपल्या रोजच्या बोलण्यातील पंधरा-वीस मराठी वाक्ये तिच्यात लिहावीत. ती व्याकरणाच्या पुस्तकातून उचललेली नसावीत, तर आपण खरोखर बोलतो तशी असावीत: माझ्याकडे सुट्टे पैसे नाहीत, आईला मधुमेह आहे, मला उद्या बँकेत जावे लागेल, मी अर्ज पाठवला आहे, काल केस कापून घेतले. प्रत्येक वाक्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात. भाषांतराची घाई करू नये.

त्याच वहीच्या मागच्या पानावर ‘हॅव’ची चार रूपे लिहावीत: हॅव, हॅज, हॅड आणि हॅविंग. यांपैकी ‘हॅड’ हे दुसरे रूपही आहे आणि तिसरे रूपही आहे. ही गोष्ट पाचव्या टप्प्यात फार उपयोगी पडते. त्याखाली नेहमी लागणाऱ्या क्रियापदांची तिसरी रूपे उतरवावीत: गॉन, कम, सीन, रिटन, ईटन, टेकन, गिव्हन, डन, बीन, नोन. ‘कम’चे दुसरे रूप ‘केम’ असले, तरी तिसरे रूप पुन्हा ‘कम’च आहे, हे तेथेच ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. ‘आय हॅव केम’ ही चूक याच एका नोंदीने थांबते.

## टप्पा १: मराठी ‘आहे’ नेमके काय सांगते ते ओळखा

मराठीत मालकी सांगण्यासाठी स्वतंत्र क्रियापद नाही. आपण ‘असणे’ या क्रियापदाला कडे, जवळ, ला, चा यांची जोड देऊन ते काम भागवतो. इंग्रजीत मात्र या निरनिराळ्या रचनांपैकी अनेकींची जागा एकटे ‘हॅव’ घेते. त्यामुळे पहिले काम म्हणजे आपल्या वाक्यातील ‘आहे’ची जात ओळखणे.

वस्तू बाळगणे किंवा मालकीची असणे यासाठी ‘हॅव’ येते: ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘आय हॅव अ बायसिकल’. नात्यांसाठी येते: ‘मला दोन बहिणी आहेत’, ‘आय हॅव टू सिस्टर्स’. आजारांसाठी येते: ‘तिला ताप आहे’, ‘शी हॅज अ फीव्हर’. एखाद्या वस्तूच्या भागांसाठी येते: ‘टेबलाला चार पाय आहेत’, ‘द टेबल हॅज फोर लेग्ज’. शरीराच्या वर्णनासाठीही येते, आणि येथे मराठीची रचना अगदीच वेगळी असते: ‘त्याचे केस कुरळे आहेत’ हे इंग्रजीत सहजपणे ‘ही हॅज कर्ली हेअर’ असे होते.

आता उलट बाजू पाहू. मराठीत ‘मला’ने सुरू होणारी अनेक वाक्ये इंग्रजीत ‘हॅव’ घेत नाहीत. ‘मला भूक लागली आहे’ याचे ‘आय ॲम हंग्री’ होते, ‘मला भीती वाटते’ याचे ‘आय ॲम अफ्रेड’ होते आणि वय सांगतानाही ‘आय ॲम थर्टी’ असेच म्हणतात. ‘हे पुस्तक माझे आहे’ या वाक्यात पुस्तक कोणते ते आधीच ठरलेले असून फक्त मालक सांगायचा आहे, म्हणून ‘धिस बुक इज माइन’. ‘टेबलावर पुस्तक आहे’ यात कोणीच मालक नाही, म्हणून ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’.

एक जोडी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते आहे. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली आहे. डॉक्टरांसमोर किंवा कार्यालयात सुट्टी मागताना या दोन वाक्यांची अदलाबदल झाली, तर समोरच्याचा गैरसमज होतो.

सावधान: स्थळवाचक शब्द मालकाच्या जागी बसवायचा असेल, तर त्याच्यापुढचे ‘इन’ काढून टाकावे लागते. ‘आमच्या घरात पाच खोल्या आहेत’ याचे ‘अवर हाउस हॅज फाइव्ह रूम्स’ होते. ‘इन अवर हाउस हॅज फाइव्ह रूम्स’ हे वाक्य चुकीचे आहे, कारण त्यात कर्ताच उरत नाही.

## टप्पा २: कर्ता शोधा आणि मगच हॅव की हॅज ते ठरवा

‘ही, शी, इट यांना हॅज, बाकी सर्वांना हॅव’ हा नियम जवळजवळ सर्वांना पाठ असतो, तरीही लिहिताना चूक होते. ती का होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

‘माझ्या भावाकडे दोन गाड्या आहेत’ या वाक्यात ‘आहेत’ हे अनेकवचन गाड्यांमुळे आले आहे. मराठीत क्रियापद वस्तूप्रमाणे बदलले. इंग्रजीत ते मालकाप्रमाणे बदलते. भाऊ एकच आहे, म्हणून ‘माय ब्रदर हॅज टू कार्स’. मनात ‘आहेत’ घोळत असल्यामुळे हात ‘हॅव’ लिहून जातो. ‘तिने दोन पत्रे लिहिली आहेत’ या वाक्यातही हेच घडते: क्रियापद पत्रांप्रमाणे चालते, पण इंग्रजीत ‘शी हॅज रिटन टू लेटर्स’ असेच लिहावे लागते.

दुसरे कारण आदरार्थी अनेकवचन आहे. ‘माझे वडील आले आहेत’ यातील ‘आहेत’ आदरापोटी आहे. इंग्रजीत तृतीय पुरुषी असा आदर क्रियापदातून दाखवत नाहीत. ‘माय फादर हॅज कम’ असे लिहिल्याने वडिलांचा कोणताही अनादर होत नाही. साहेब, बाई, सर, मॅडम या सर्वांना एकवचनीच ‘हॅज’ लागते.

तिसरे कारण ‘प्रत्येक’ आणि ‘पैकी एक’ अशा शब्दांचे आहे. ‘सगळ्यांकडे ओळखपत्र आहे’ याचे ‘एव्हरीवन हॅज ॲन आयडी कार्ड’ होते, कारण इंग्रजीत ‘एव्हरीवन’ एकवचनी आहे. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ यात मित्र अनेक असले तरी बोलणे एकाविषयी आहे, म्हणून तेथेही ‘हॅज’च येते.

तपासणी: आपल्या मराठी वाक्यात कडे, ला, ने, च्या हे ज्या शब्दाला जोडले आहेत, त्याखाली रेघ मारावी. इंग्रजी वाक्याचा कर्ता बहुतेक वेळा तोच असतो. वचन त्याचेच पाहावे.

## टप्पा ३: ‘हॅविंग’ वापरण्यापूर्वी थांबा

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘वी आर हॅविंग अ फ्लॅट इन ठाणे’ ही वाक्ये आपल्याकडे सर्रास ऐकू येतात आणि ती चुकीची आहेत. मालकी, नाते, आजार आणि गुण या स्थिती आहेत. त्या ‘चालू’ नसतात, त्यामुळे तेथे ‘हॅविंग’ येत नाही.

‘हॅव’चा दुसरा अर्थ मात्र कृतीचा आहे. जेवणे, चहा घेणे, आंघोळ करणे, गप्पा मारणे, बैठक घेणे, मजा करणे या सर्वांसाठी इंग्रजीत ‘हॅव’ येते: हॅव डिनर, हॅव टी, हॅव अ बाथ, हॅव अ चॅट, हॅव अ मीटिंग, हॅव फन. कृती असल्यामुळे ती चालू असू शकते. ‘दे आर हॅविंग डिनर’ हे पूर्णपणे बरोबर आहे. अमेरिकेत आंघोळीसाठी ‘टेक अ बाथ’ हा प्रयोग अधिक चालतो. दोन्ही बरोबर आहेत.

निर्णय घेताना ‘हॅव’च्या जागी मराठीत ‘करणे’, ‘घेणे’ किंवा ‘जेवणे’ यांसारखे कृतीचे क्रियापद बसते का, हे पाहावे. बसत असेल तर ‘हॅविंग’ चालेल. फक्त ‘असणे’च बसत असेल तर चालणार नाही. यातील फरक किती मोठा असू शकतो, हे पुढील दोन वाक्यांवरून कळेल: ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे; ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे ती गरोदर आहे किंवा तिची प्रसूती होत आहे.

## टप्पा ४: नकार आणि प्रश्न

येथे नियम सोपा आहे. ‘हॅव’ मुख्य क्रियापद असेल, तर नकार आणि प्रश्न यांसाठी डू, डज, डिड यांची मदत घ्यावी, आणि ही मदत घेतली की पुढे नेहमी मूळ रूप ‘हॅव’च लिहावे. ‘डज शी हॅज’ आणि ‘आय डिड नॉट हॅड’ या दोन्ही चुका एकाच प्रकारच्या आहेत: एकाच वाक्यात काळ किंवा पुरुष दोनदा दाखवला जातो. विल, शुड, मस्ट, कॅन यांच्यानंतरही हाच नियम लागू होतो, म्हणून ‘शी विल हॅव’.

‘हॅव यू अ पेन?’ हा प्रश्न जुन्या ब्रिटिश वळणाचा आहे. आज ‘डू यू हॅव अ पेन?’ किंवा ब्रिटिश बोलण्यात ‘हॅव यू गॉट अ पेन?’ असे विचारावे.

## टप्पा ५: ‘हॅव’ सहायक असताना काळ निवडा

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात, म्हणून येथे वेळ द्यावा. ‘हॅव’च्या पुढे दुसऱ्या क्रियापदाचे तिसरे रूप आले की ‘हॅव’ स्वतः काहीही बाळगत नाही. ते फक्त काळ दाखवते.

५.१ आधी वेळ सांगितली आहे का ते पाहा. ‘मी काल अर्ज पाठवला आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्याचे शब्दशः ‘आय हॅव सेन्ट द ॲप्लिकेशन यस्टरडे’ केले, की इंग्रजीत ते चुकीचे ठरते. काल, गेल्या आठवड्यात, दोन वर्षांपूर्वी, २०१५ साली असा संपून गेलेला काळ वाक्यात असेल, तर इंग्रजीत साधा भूतकाळच लागतो: ‘आय सेन्ट द ॲप्लिकेशन यस्टरडे’. वेळ सांगितली नसेल आणि अर्ज गेला आहे एवढेच महत्त्वाचे असेल, तर ‘आय हॅव सेन्ट द ॲप्लिकेशन’. आज, या आठवड्यात, या वर्षी हे काळ अजून संपलेले नसतात, म्हणून त्यांच्याबरोबर ‘हॅव’ चालते.

५.२ ‘होतो’ दिसले म्हणून ‘हॅड’ लिहू नका. ‘मी काल मुंबईला गेलो होतो’ असे आपण रोज म्हणतो. त्यातून ‘आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे’ हे वाक्य जन्माला येते आणि भारतीय इंग्रजीत ते इतके रुळले आहे की चूक असल्याचे जाणवतही नाही. एकच घटना सांगायची असेल, तर ‘आय वेन्ट टू मुंबई यस्टरडे’ पुरेसे आहे. ‘हॅड’ आणि तिसरे रूप तेव्हाच वापरावे, जेव्हा भूतकाळातील एका घटनेच्या आधी दुसरी घडून गेली होती, हे दाखवायचे असते: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. मी स्थानकावर पोहोचण्याच्या आधी गाडी सुटली होती, हा क्रम येथे ‘हॅड’मुळे कळतो.

५.३ ‘पासून’ असेल तर सावध राहा. ‘मी २०१८ पासून नाशिकमध्ये राहतो’ या वाक्यात मराठी वर्तमानकाळ वापरते. इंग्रजीत सुरुवात पूर्वी झालेली आहे आणि गोष्ट अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव लिव्ड इन नाशिक सिन्स २०१८’. शिवाय मराठीतील एका ‘पासून’साठी इंग्रजीत दोन शब्द आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ (सिन्स मंडे, सिन्स २०१८) आणि कालावधीची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’ (फॉर थ्री डेज, फॉर टेन इयर्स). ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ही चूक उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या अर्जांतही आढळते, आणि अर्ज वाचणाऱ्याच्या ती लगेच नजरेत भरते.

५.४ ‘हॅव हॅड’ला घाबरू नका. ‘मला तीन दिवसांपासून ताप आहे’ याचे बरोबर भाषांतर ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’ असे आहे. यातील पहिले ‘हॅव’ काळ दाखवणारे सहायक आहे. दुसरे ‘हॅड’ हे ताप ‘असणे’ या अर्थाच्या मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप आहे. लेखनदोष समजून यातील एक शब्द खोडू नये.

५.५ ‘गॉन’ आणि ‘बीन’ वेगळे ठेवा. ‘तो दिल्लीला गेलेला आहे’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. तो गेला असून अजून तेथेच असेल, तर ‘ही हॅज गॉन टू दिल्ली’. पूर्वी जाऊन आला असेल, तर ‘ही हॅज बीन टू दिल्ली’. मुलाखतीत समोर बसलेल्या उमेदवाराने स्वतःविषयी ‘आय हॅव गॉन टू जर्मनी’ असे म्हटले, तर ते वाक्य अर्थाच्याच पातळीवर कोसळते.

५.६ ‘हवे होते’ आणि ‘असेल’. ‘मी आधी विचारायला हवे होते’ याचे ‘आय शुड हॅव आस्क्ड अर्लियर’ होते. ‘ती निघाली असेल’ याचे ‘शी मस्ट हॅव लेफ्ट’ होते. कर्ता ‘शी’ असूनही येथे ‘हॅज’ येत नाही, कारण शुड, मस्ट यांच्यानंतर टप्पा ४ प्रमाणे मूळ रूप ‘हॅव’च लागते. बोलताना ‘शुड हॅव’ हे ‘शुड अव’ असे ऐकू येते, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही लिहिताना कधी कधी चुकून तेथे ‘ऑफ’ लिहितात. त्यांचे पाहून आपण तसे लिहू नये.

तपासणी: वहीतील ज्या वाक्यांत आहे, होते किंवा पासून आले आहे, त्यांच्यापुढे समासात ‘संपलेला काळ’, ‘दोन घटना’ किंवा ‘अजून चालू’ यांपैकी एक नोंद करावी. नोंद केल्याशिवाय इंग्रजी वाक्य लिहू नये.

## टप्पा ६: ‘हॅव टू’ आणि सक्तीचा अर्थ

‘मला उद्या पुण्याला जायचे आहे’ हे वाक्य इच्छाही सांगते आणि गरजही. इंग्रजीत निवड करावीच लागते: इच्छा असेल तर ‘आय वॉन्ट टू गो’, भाग पडत असेल तर ‘आय हॅव टू गो’. ‘जावे लागले’ याचे ‘हॅड टू गो’ आणि ‘जावे लागेल’ याचे ‘विल हॅव टू गो’ होते.

सावधान: ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे तुम्ही आलेच पाहिजे असे नाही, पण यायला हरकत नाही. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येऊच नका. पाहुण्यांना निरोप पाठवताना यांची गल्लत झाल्यास संबंध दुखावतील.

## टप्पा ७: काम दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर

‘मी काल केस कापले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते केशकर्तनालयात कापले, हे ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर यस्टरडे’ म्हटले, तर मी स्वतः कात्री घेऊन कापले असा अर्थ होतो. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामासाठी क्रम असा ठेवावा: प्रथम ‘हॅव’चे रूप, मग वस्तू, मग तिसरे रूप. ‘आय हॅड माय हेअर कट’, ‘वी हॅड द हाउस पेन्टेड’.

या रचनेत शब्दांच्या जागेला फार महत्त्व आहे. ‘वी हॅड पेन्टेड द हाउस’ म्हणजे आम्ही आधीच आमच्या हातांनी रंग दिला होता. शब्द तेच आहेत, परंतु वस्तू एक घर मागे सरकताच रंगारी नाहीसा झाला. काम करणारी व्यक्ती सांगायची असेल, तर तिच्यापुढे मूळ क्रियापद ठेवावे आणि मध्ये ‘टू’ घालू नये: ‘आय हॅड माय सन राइट द लेटर’, म्हणजे मी मुलाकडून पत्र लिहवून घेतले.

## टप्पा ८: उच्चार

‘हॅज’मधील ज हा ‘जीव’मधील ज नाही, तो ‘जग’मधील ज कडे झुकणारा, पण आणखी मऊ आणि घासत जाणारा आहे. ‘हॅव टू’ हे सक्तीच्या अर्थाने बोलताना ‘हॅफ टू’ असे ऐकू येते. सहायक ‘हॅव’वर जोर देऊ नये, ‘आय हॅव’चे ‘आइव्ह’ होऊ द्यावे. मालकीच्या ‘हॅव’चा उच्चार मात्र पूर्ण करावा.

परदेशी सहकाऱ्यांशी बोलणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. शंका विचारताना आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो. भारताबाहेर त्याचा अर्थ ‘मला याविषयी खात्री वाटत नाही’ असा घेतला जातो. तेथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे.

## सराव: चुका स्वतः शोधा

पुढील वाक्ये वहीत उतरवून घ्यावीत आणि उत्तरे झाकून दुरुस्त करावीत. प्रत्येक चूक कोणत्या टप्प्यातील आहे, तेही लिहावे.

१. माय मदर हॅव डायबेटिस सिन्स टेन इयर्स.
२. डिड यू हॅड युवर लंच?
३. आय ॲम हॅविंग अ मीटिंग ॲट फोर अँड आय ॲम हॅविंग नो टाइम नाउ.
४. आय हॅव रिपेअर्ड माय फोन ॲट द शॉप लास्ट वीक.
५. शी मस्ट हॅज फरगॉटन.

उत्तरे:

१. ‘माय मदर हॅज हॅड डायबेटिस फॉर टेन इयर्स.’ आई एकच आहे, म्हणून ‘हॅज’ हवे होते, चालू असलेल्या आजारासाठी त्यापुढे तिसरे रूप ‘हॅड’ हवे होते आणि कालावधीसाठी ‘फॉर’ हवे होते. टप्पा २, ५.३ आणि ५.४.

२. ‘डिड यू हॅव युवर लंच?’ टप्पा ४.

३. पहिला भाग बरोबर आहे, कारण बैठक ही कृती आहे. दुसरा भाग ‘आय हॅव नो टाइम नाउ’ असा हवा. टप्पा ३.

४. ‘आय हॅड माय फोन रिपेअर्ड ॲट द शॉप लास्ट वीक.’ दुरुस्ती दुकानदाराने केली आणि ‘लास्ट वीक’ हा संपलेला काळ आहे. टप्पा ७ आणि ५.१.

५. ‘शी मस्ट हॅव फरगॉटन.’ टप्पा ५.६.